फक्कीखालची रेघ

“बाबू, तुझ्याकडं पांढरा शर्ट आहे का?”

मुलाणी सरांनी हे विचारलं तेव्हा मी स्वतःच कोपरापर्यंत पांढरा होतो. चुना चाळत बसलो होतो. मैदान आखायच्या या भुकटीला आमच्याकडे फक्की म्हणतात. कॉलेजात शिपाई म्हणून लागल्यापासून बारा वर्षं मी ती मारत होतो. खो-खोची, धावण्याची, आणि सगळ्यात जास्त कबड्डीची.

“पांढरा न्हाय सर. खाकी हाय, कॉलेजनं दिल्याला.”

“खाकी चालत नाही. पंचाला पांढराच लागतो.”

“पंच कोण?”

“तू.”

मी चाळणी खाली ठेवली. सर थट्टा करणारे नव्हते, पण तरी मी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं.

ते १९७९ साल, डिसेंबर महिना. वारणाकाठच्या आमच्या कॉलेजच्या मैदानावर त्या दिवशी आंतरमहाविद्यालयीन कबड्डीचा अंतिम सामना होता. एका बाजूला आमचं कॉलेज, दुसऱ्या बाजूला शिवापूरचं. आजूबाजूच्या दहा गावांतली माणसं दुपारपासूनच जागा धरून बसली होती. इस्माईल मुलाणी सामन्याचे सरपंच होते, म्हणजे सगळ्या पंचांवरचे पंच. पोटासाठी ते बसच्या डेपोत मेकॅनिक होते. त्यांच्या नखांत कायम काळं ग्रीस असायचं, पण मैदानात उतरले की अंगावरचा शर्ट बगळ्याच्या पंखासारखा. त्या दिवशी त्यांचा एक रेषापंच येऊ शकला नव्हता. सामना तासावर आला होता.

“सर, मला लिहायला-वाचायला येत न्हाय,” मी म्हणालो.

“रेघेवर काय वाचायचं आहे? पाय आत का बाहेर, एवढंच. बाहेर गेला की हात वर करायचा.”

“पर मी ह्या कॉलेजचा मानूस. शिवापूरवाले काय म्हणतील?”

“त्यांनाच विचारू.”

माझं म्हणणं खोटं नव्हतं, पण ते वरवरचं होतं. आत उकळ्या फुटत होत्या. त्याचं कारण सांगायला हवं. सर तीन वर्षं आमच्या मैदानावर पंच परीक्षेचा वर्ग घेत होते. लिंबाखाली शिक्षक, कारकून अशी वीसेक मंडळी वह्या घेऊन बसायची आणि सर हातातलं नियमांचं पुस्तक न उघडता नियम सांगायचे. मी पलीकडे फक्की चाळत बसायचो. एकदा सरांनी वर्गाला विचारलं, “चढाई करणाऱ्याचा दम मोडावा म्हणून बचाव करणाऱ्यानं त्याचं तोंड दाबलं, आणि मग सगळ्यांनी मिळून त्याला धरून ठेवला. काय द्याल?” वर्ग वह्या चाळायला लागला. मी लांबूनच म्हणालो, “चढाईवाला बाद न्हाय. त्वांड दाबायला बंदी हाय.” वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला आणखी सात प्रश्न विचारले. सातही उत्तरं बरोबर निघाली.

वर्ग संपल्यावर मी धीर करून विचारलं होतं, “सर, मला बसता ईल का परीक्षंला?”

“परीक्षा लेखी असते बाबू. अक्षर शिकून ये. नियम तुझ्या डोक्यात आहेत, पण डोकं उघडून कुणी बघत नाही. कागद बघतात.”

चाळिशीच्या माणसाला अक्षर कोण शिकवणार? मी तो विषय सोडून दिला होता. पण सामन्याच्या दिवशी पांढऱ्या कपड्यातले पंच ओळीनं मैदानात उतरायचे, मध्यरेषेला हात लावून तो कपाळाला लावायचे, तेव्हा मी फक्कीची पाटी घेऊन कडेला उभा असायचो. एकदा, फक्त एकदा त्या ओळीत आपण असावं. दुसरं काही मागणं नव्हतं. आणि आता सरांनी पिशवीतून स्वतःचा जादा शर्ट काढून माझ्यापुढे धरला होता.

दोन्ही कर्णधारांना बोलावलं. आमचा संपत डोईफोडे, डोंगराकडचा, मानेनं रेडा, बोलायला कमी. शिवापूरचा जयवंत खोत सडपातळ, पाय तेवढे लांब, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही.

“हे आमच्या कॉलेजचे शिपाई,” सरांनी खोतला सांगितलं. “तुझी हरकत असेल तर आत्ताच बोल.”

खोतनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. शर्ट माझ्या मांडीपर्यंत आला होता. “मामा, मघाशी रेघा तुम्हीच मारत होता न्हवं?”

“व्हय.”

“सुतळी लावून मारत होता. मी बघितलंय. आमच्याकडं डोळं झाकून मारत्यात, साप गेल्यागत.” तो सरांकडे वळला. “ज्यानं रेघ मारली त्यानंच राखावी सर. आमची हरकत न्हाय.”

डोईफोडे नुसता मान हलवून गेला.

मी ओळीत शेवटचा होतो. मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला तेव्हा बोटाला माझीच फक्की लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “आरं, आज फक्कीमामा साहेब झालं की!” सगळे हसले. मला राग आला नाही. मी डाव्या हाताच्या अंतिम रेषेच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. मैदानाची पाठीमागची शेवटची रेघ ती. तिच्या पलीकडे पाय टेकला की खेळाडू बाद.

आता रेघ कशी मारतात ते दोन शब्दांत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकायच्या. खुंटीपासून खुंटीपर्यंत सुतळी ताणायची. ती बोटानं टणकारून बघायची, ढिली सुतळी पोटात वाकते. मग सुतळीच्या कडेनं खुरप्याच्या टोकानं बोटभर खोल चरी ओढायची, तिच्यात फक्की भरायची आणि वरून रेघ मारायची. खुंट्या काढून घ्यायच्या, नाहीतर खेळाडूंचे पाय फुटतात. पायांनी वरची फक्की उडते, पण चरीतली राहते. खरी रेघ ती. वरची नुसती दिसायला.

पहिला डाव बरोबरीत गेला. मध्यंतर पाच मिनिटांचं. माझ्या बाजूच्या अंतिम रेषेवर लोक इतके पुढे सरकून बसले होते की त्यांच्या पायांनी रेघ नाहीशीच झाली होती. पंच असलो तरी फक्की मारायला दुसरं कोण होतं? शर्टाच्या बाह्या वर करून पाटी उचलली. लोकांना मागे हटवता हटवता तीन मिनिटं गेली. सुतळी पाहुण्यांच्या खुर्च्यांमागे राहिली होती. सरांची शिट्टी तोंडाजवळ गेलेली. त्याआधी सर रेघा बघायला माझ्या बाजूला यायला निघाले होते, पण प्राचार्य त्यांचा दंड धरून त्यांना पाहुण्यांशी हात मिळवायला घेऊन गेले.

माझा हात सुतळीसारखा सरळ आहे असं लोक म्हणायचे. बारा वर्षं ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मी नजरेनं अंदाज घेतला आणि एका दमात, न थांबता रेघ मारली. उभं राहून पाहिली. पांढरीशुभ्र, सरळ. कुणाचंही समाधान व्हावं अशी.

दुसरा डाव मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. एक गुण इकडे, एक गुण तिकडे. डोईफोडेनं एकदा खोतचा घोटा असा धरला की दोघांच्या धापांचा आवाज मला ऐकू आला. खोत सुटला आणि उठता उठता म्हणाला, “डोईफोडे, पाय परत दे की गा, घरी न्यायचा हाय.” डोईफोडे पहिल्यांदा हसला. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका गुणानं पुढे होतो आणि शेवटची चढाई शिवापूरची होती. खोत आला.

“कबड्डी कबड्डी कबड्डी...” त्याचा दम बारीक, एकसारखा, पाण्याची धार पडावी तसा. आमचे चार जण मैदानात होते. खोत डावीकडून आत शिरला, तो सरळ माझ्या कोपऱ्यात. कोपरारक्षकाला त्यानं पाय मारला. तो लागला. डोईफोडे मधून त्याच्या कमरेवर झेपावला. खोतनं मागचा पाय रोवून अंग चक्कीसारखं फिरवलं, डोईफोडेच्या पंज्यात त्याच्या बनियनचा वारा आला फक्त, आणि जाता जाता खोतचा हात डोईफोडेच्या खांद्याला चाटून गेला. दोन गडी. खोत सुटला आणि मध्यरेषेवर आडवा पडला.

पण तो फिरला तेव्हा रोवलेल्या पायाची टाच माझ्यासमोर, माझ्यापासून हातभर अंतरावर टेकली होती. पांढऱ्या रेघेच्या पलीकडे. उघड्या मातीत.

माझा हात आपोआप वर गेला.

शिट्टी वाजली. मैदान फुटलं. चढाई करणारा बाहेर गेला की तो बाद, त्यानं मारलेले गडी जिवंत, आणि गुण आमचा. म्हणजे आम्ही जिंकलो. दोरी तोडून लोक आत घुसले. टोप्या उडाल्या. कुणी मला मिठी मारली. “मामा, मामा, काय नजर हाय!”

आणि त्या मिठीतून मी खाली पाहिलं.

खोतच्या टाचेनं माती उकरली होती. टाचेच्या खड्ड्याच्या पलीकडे, अर्ध्या बोटावर, मातीतून एक पांढरी शीर दिसत होती. सकाळची फक्की. माझी चरी.

खरी रेघ ती होती. मध्यंतरात नजरेनं मारलेली रेघ चार बोटं आत आली होती. खोतची टाच आत होती. दोन गुण त्यांचे. सामना त्यांचा.

हे जगात एका माणसाला माहीत होतं. आणि समोरून दोन-अडीचशे माणसं नाचत त्या टाचेच्या खुणेवर येत होती. चार पावलं पडली असती तर संपलं असतं. मी काहीच केलं नसतं तरी संपलं असतं, नुसतं उभं राहिलो असतो तरी.

अंगावरचा शर्ट मला त्या क्षणी आठवला. लाज वाटते सांगायला, पण खरं तेच आहे. डोक्यात आलं ते हेच: बोललास तर हा शर्ट गेला. ज्याला रेघ मारता येत नाही त्याला रेघेवर कोण उभा करणार?

मग मी खाली पडलो. पडलो म्हणजे हात आणि गुडघे टेकून त्या खुणेवर घोड्यासारखा ओणवा झालो. पोटाखाली ती टाच आणि ती शीर. लोक माझ्या पाठीवर आपटायला लागले. कुणाचा गुडघा बरगडीत बसला. कुणी म्हणालं, “म्हातारं बेशुद्ध पडलं,” कुणी म्हणालं, “न्हाय, नमस्कार घालतंय.” मी नुसता ओरडत होतो, “सर! मुलाणी सर!”

काळे बूट समोर येऊन थांबले.

“काय आहे रे खाली?”

“पाऊल हाय सर.”

“कुणाचं?”

“खोतचं. सर, पाऊल आत हाय. रेघ... रेघ चुकलीया. म्या चुकवली.”

सरांनी मला उठवलं नाही. ते माझ्याशेजारी गुडघे टेकून बसले, मान वाकवून त्यांनी माझ्या पोटाखाली पाहिलं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग ते उठले आणि शिट्टी वाजवली. लांब, न तुटणारी. इतकी लांब की नाचणारी माणसं एकेक करून थांबली.

आमचे क्रीडाशिक्षक घोरपडे सर धावत आले. “मुलाणी, आता काय? पंचाचा हात वर गेला, शिट्टी झाली, निकाल लागला. आता काय उकरताय?”

सरांनी टेबलाकडे मान वळवली. “गुणलेखक, गुण लिहिला?”

“नाही सर. पेन उचललंय.”

“मग निकाल लागला नाही. ठेव खाली पेन.” आणि मग घोरपडे सरांना म्हणाले, “उकरत नाही. बघतोय. सुतळी आणा.”

“अहो, शिपायाच्या शब्दावर?”

“रेषापंचाच्या शब्दावर.”

लोक चिडले. चार-पाच हजार माणूस, सगळं आमच्या बाजूचं. कुणीतरी ढेकूळ मारलं, ते सरांच्या पाठीवर फुटलं. त्यांनी पाठ झटकलीसुद्धा नाही. त्यांनी दोन्ही कर्णधारांना बोलावलं आणि कोपऱ्यातली खुंट्यांची भोकं मला शोधायला सांगितली. ती मला डोळे मिटूनही सापडली असती. सरांनी सुतळीचं एक टोक खोतला दिलं. दुसरं टोक त्यांनी डोईफोडेपुढे धरलं.

“भोकात बोट घालून ताणून धर.”

मी डोईफोडेकडे पाहिलं. तो जिंकलेला माणूस होता. त्याच्या गळ्यात कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. टोक जरा ढिलं सोडलं असतं तर सुतळीला मधे पोट आलं असतं, दोन बोटं आत आली असती आणि देवाला कळलं नसतं. त्याच्याच बाजूचं अर्धं गाव मागून ओरडत होतं, “संपा, सोड ती! संपा, फेकून दे!”

डोईफोडे गुडघ्यावर बसला. त्यानं गळ्यातली माळ काढून बाजूला ठेवली, भोकात बोट घातलं आणि सुतळी ओढली. इतकी ओढली की त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं त्यानं ती टणकारली, जसा मी रोज सकाळी टणकारतो. तो मला कधी बघत होता कुणास ठाऊक.

टण्ण.

तो आवाज मी आयुष्यभर विसरलेलो नाही. चार-पाच हजार माणसांच्या गलक्यात सुतळीचा आवाज तो केवढा असणार. पण तो सगळ्यांना ऐकू गेला. कारण त्यानंतर सगळे गप्प झाले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गप्प. लिंबावरची पाखरं ऐकू यायला लागली.

सर मातीत पोटावर आडवे झाले. पांढऱ्या शर्टासकट. सुतळीखालची माती त्यांनी हातानं बाजूला केली नाही, हातानं खूण मोडते म्हणून. तोंडानं फुंकली. हळूहळू, मूल झोपलं असताना त्याच्या डोळ्यावरचा केस फुंकावा तशी. माती उडत गेली आणि सुतळीखालून चरी दिसायला लागली. आधी वीतभर, मग हातभर. पांढरी, सरळ, सुतळीला कुठेच न सोडणारी. ते फुंकत फुंकत टाचेपर्यंत आले. टाच चरीच्या आत होती. अर्धं बोट.

मी अनेक देवळांत गेलो आहे. अशी शांतता मला कुठे मिळाली नाही. आमच्या विरुद्ध जाणारी गोष्ट मातीतून वर येत होती आणि ती बघायला हजारो माणसं श्वास रोखून पुढे वाकली होती. मघा ढेकूळ मारणाराही त्यांत असेल.

सर उठले. डोईफोडे बसल्या जागेवरून म्हणाला, “सर, मला हात लागला हुता. खांद्याला.” कुणी विचारलं नव्हतं.

“मला माहीत आहे,” सर म्हणाले. त्यांनी हात करून निकाल दिला. चढाई करणारा नाबाद, दोन गुण शिवापूरला. सामना शिवापूरचा.

खोत सुतळीचं टोक धरूनच उभा होता. त्याच्या तोंडाला पहिल्यांदा कुलूप लागलं होतं. तो आला, माझ्यापुढे थांबला, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “मामा, तुमची बरगडी बरी हाय न्हवं?”

टेबलाशी सरांनी गुणपत्रक पुढे ओढलं. खालच्या बाजूला शेरा लिहायची जागा असते. तिथे ते बराच वेळ लिहीत होते. चार ओळी असतील. मला त्या काळ्या मुंग्यांसारख्या दिसल्या. मधे एका जागी त्यांनी वर पाहून मला विचारलं, “तुझं पूर्ण नाव काय?”

“बाबू दशरथ हिरवे.”

त्यांनी ते लिहिलं. मी ओळखलं. माझी चूक नाव घालून नोंदवली जात होती. ते बरोबरच होतं. “अंगठा कर,” सर म्हणाले. मी शाईच्या गादीवर अंगठा दाबला आणि माझ्या गुन्ह्याखाली उठवला. शर्ट काढून घडी केली. तो मातीनं भरला होता.

“धुऊन देतो सर.”

“ठेव तुझ्याकडं,” ते म्हणाले, आणि पिशवी उचलून निघाले.

दुसऱ्या दिवशी घोरपडे सर म्हणाले, “या हरिश्चंद्र!” पुढे वर्षभर तेच नाव पडलं. त्याचं मला फार वाटलं नाही. लागलं ते दुसरंच. पुढच्या सबंध हंगामात मुलाणी सर कुठल्याच मैदानावर दिसले नाहीत. पंच परीक्षेचा वर्गही झाला नाही. लोक म्हणायचे, त्या सामन्यानं त्यांना घरी बसवलं. शिपायाला पंच केला, त्याचं हे फळ. दुसऱ्या वर्षी ते पुन्हा शिट्टी वाजवताना दिसले, पण मी फक्की मारून दूर निघून जायचो. त्यांच्यासमोर जायला तोंड नव्हतं. एकदा त्यांनी लांबून हात केला. मी न पाहिल्यासारखं केलं. मग ते बदली होऊन गेले, आणि एके दिवशी ते वारल्याचं ऐकलं.

एक्क्याण्णव साली गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. मी बावन्न वर्षांचा होतो. बायको म्हणाली, “आता शिकून काय कलेक्टर होणार?” मी म्हणालो, “एक कागद वाचायचा हाय.” सहा महिन्यांत अक्षरं आली, जोडाक्षरांनी आणखी चार महिने खाल्ले. मग मी जिमखान्याच्या कारकुनाला, मगदूमला, जुनं कपाट उघडायला लावलं. एकोणऐंशीचं पत्रक पिवळं झालं होतं. अंगठा मात्र जसाच्या तसा.

मगदूम म्हणाला, “आणा मामा, मी वाचून दाखवतो.”

“नको. तू बस.”

मी बोट ठेवून वाचायला लागलो. सरांचं अक्षर मोठं, सुटं होतं. जणू त्यांना माहीत होतं की हे कुणीतरी बोट ठेवून वाचणार आहे. एका ओळीला मला पाच मिनिटं लागली असतील.

‘मध्यंतरानंतर मैदान तपासणे हे सरपंचाचे काम. मी ते केले नाही. चूक माझी. पुस्तकात खेळाडूला दंड आहे, सरपंचाला दंड लिहिलेला नाही, म्हणून मी स्वतः घेतो. पुढील एक हंगाम मी पंच म्हणून उभा राहणार नाही. खरी रेषा दाखवून सामना वाचवणारे रेषापंच श्री. बाबू दशरथ हिरवे. — इ. मुलाणी.’

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटलं माझं वाचणं चुकलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ‘रेषापंच’ या शब्दावर बोट थांबलं ते पुढे जाईना. त्यातला ष पोटफोडा आहे की नाही हे मी कितीतरी वेळ बघत राहिलो. होता.

“काय लिहिलंय एवढं?” मगदूमनं विचारलं.

मी पत्रक त्याच्याकडे सरकवलं. त्यानं वाचलं. मग त्यानं खिशाचं पेन काढलं, टोपण उघडून माझ्यापुढे धरलं.

“मामा, आता सही येते की तुम्हाला. अंगठ्याशेजारी करून टाका. शोभंल.”

मी पेन हातात घेतलं. खरंच घेतलं. अंगठ्याच्या बाजूला जागाही होती, नेमकी नाव मावेल एवढी.

मग टोपण लावून ते त्याला परत दिलं.

“सामना संपल्यावर पत्रकाला हात लावायचा नसतो,” मी म्हणालो. “नियम हाय.”